मुंबईत सलून टाकायचंय: लायसन्स कुठलं लागतं आणि स्वच्छतेचं नेमकं काय बघतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे की गोरेगावला एक गाळा बघून ठेवलाय, दोन खुर्च्या टाकायच्यात, एक कारागीर ठेवायचाय, तर कुठकुठली लायसन्स लागतात, इन्स्पेक्टर आला तर काय बघतो, ते निळ्या लाइटचं स्टरलायझर घ्यावंच लागतं का, आणि सोमवारी दुकान बंद ठेवायची सक्ती आहे का. मी परळ भागात वडिलांपासूनचं दुकान चालवतो आणि मधल्या काळात नात्यातल्या पोरांना दुकानं काढून देताना ह्या सगळ्या कागदांच्या मागे फिरलोय, म्हणून सविस्तर लिहितो. वयाने लहान वाटतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

आपल्या धंद्यात लोक लायसन्सचा विचार गाळ्याचं डिपॉझिट देऊन झाल्यावर करतात आणि स्वच्छतेचा विचार इंटिरियर झाल्यावर, आणि तिथेच सगळं फसतं. लायसन्स मिळणार की नाही हे गाळा निवडतानाच ठरलेलं असतं, आणि स्वच्छता म्हणजे एक गिऱ्हाईक खुर्चीवरून उठल्यापासून दुसरं बसेपर्यंतची तीन मिनिटं. बाकी फॉल्स सीलिंग, एलईडीचे आरसे वगैरे सगळं नंतर बघ.

आधी कायद्याचं. मुंबईत मुख्य परवाना म्हणजे महापालिकेचा, मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३९४. ज्या धंद्यांमुळे लोकांच्या तब्येतीला धोका होऊ शकतो किंवा आजूबाजूला त्रास होऊ शकतो असे धंदे पालिकेच्या परवान्याशिवाय करता येत नाहीत, आणि त्या यादीत केशकर्तनालय आहे. म्हणून हे काम तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात, मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ म्हणजे एमओएचकडे जातं. बरेच जण गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालचा दुकानाचा कागद, काढला की झालं असं समजतात. गुमास्ता वेगळा आणि आरोग्य खात्याचं लायसन्स वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं कर, कारण पुढे नोटीस येते ती बहुतेक वेळा ह्याच घोळातून येते, मालक भिंतीवरचं गुमास्त्याचं सर्टिफिकेट दाखवत बसतो आणि समोरचा माणूस दुसराच कागद मागत असतो.

गुमास्त्याचं म्हणशील तर जुना १९४८ चा कायदा गेला, आता महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आहे, तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यात तुझ्यासारख्या एक-दोन कारागिरांच्या दुकानाला पूर्वीसारखी नोंदणी करावी लागत नाही, धंदा सुरू केल्याची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि त्याची पोच जपून ठेवायची. बँकेत करंट अकाउंट उघडताना, क्यूआर कोड किंवा कार्ड मशीन घेताना हीच पोच मागतात. एजंट लोक ह्याचे पण चांगले पैसे घेतात. मोबाइल, आधार आणि जागेचा कागद हाताशी असेल तर घरी बसून होतं.

आता गाळा. भाड्याचा असेल तर लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर केलेलाच हवा, स्टँप पेपरवर नोटरी केलेला दाखवून वॉर्डात काम होत नाही, आणि भाडेनियंत्रण कायद्यानेच रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, मालक "बघू नंतर" म्हणाला तर तिथेच सावध हो. पागडीचा, म्हणजे जुन्या भाडेकरू हक्काचा गाळा असेल तर भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते बघ. राहत्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सलूनला तशी आडकाठी नसते, विकास नियमावलीत रोजच्या गरजेच्या दुकानांमध्येच सलून धरलंय, पण तो गाळा मंजूर प्लॅनमध्ये दुकान म्हणून दाखवलेला पाहिजे. मुंबईत हल्ली निम्मे "गाळे" म्हणजे पार्किंग बंद करून, नाहीतर बाल्कनी पुढे ओढून काढलेले असतात, भाडं स्वस्त असतं म्हणून पोरं भुलतात, मग लायसन्सला अर्ज केला की जागाच अनधिकृत निघते आणि खुर्च्या, आरसे, प्लंबिंग सगळा खर्च पाण्यात. लाइटचा मीटर कमर्शियल आहे का तेही बघ. घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर वीज कंपनी दंडासकट वसूल करते आणि तो दंड मालक भरत नाही, तुलाच भरावा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळ आणि मोरी. गाळा बघायला गेलास की आधी भाव विचारू नकोस, आत जाऊन पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते विचार. वाहतं पाणी असलेलं बेसिन लागणारच आहे. पाणी ठराविक वेळेलाच येत असेल तर झाकणाची टाकी लागेल, उघडा ड्रम ठेवलास तर पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या सापडल्या म्हणून पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते, आमच्या गल्लीतल्या एका दुकानाला आलीय. बेसिनच्या खाली जाळी बसवून घे, कारण केस मोरीत गेले की दोन महिन्यांत तुंबतं आणि मग सोसायटीचा सेक्रेटरी तुझ्या दारात उभा. सोसायटीशी भांडण झालं की पहिली तक्रार वॉर्डाच्या आरोग्य खात्यातच जाते, हे लक्षात ठेव.

बाकीचे कागद पटकन सांगतो. व्यवसाय कर म्हणजे पीटी, तुझ्या स्वतःच्या नावाने वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी वर्षाचा धंदा २० लाखांच्या आत असेल तर लागत नाही, आणि पुढे लागला तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवर १८ टक्क्यांचा ५ टक्के झालाय, फक्त मालावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही. पाटी मराठीत हवी, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे लहान दुकानांनाही लागू आहे आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून पालिकेने ह्यावर कारवाईही केलीय. लाइटची पाटी लावणार असशील तर तिची परवानगी वेगळी, ती लायसन्स खात्यात. दुकानात गाणी लावणार असशील तर त्याचेही हक्कवाले आहेत, रेकॉर्डेड गाणी धंद्याच्या जागी वाजवायला परवाना लागतो. लहान दुकानांत सहसा कोणी येत नाही, पण नियम आहे म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र पटकन सांगून सोडायची नाही. गावाकडून "शिकायला ठेवा" म्हणून पोरगं पाठवतात. चौदाच्या आतलं पोरगं कामावर ठेवायचं नाही, झाडू मारायलासुद्धा नाही, चहा आणायलासुद्धा नाही. स्वतःच्या घरचं पोरगं शाळा सुटल्यावर हातभार लावतंय ही गोष्ट वेगळी, पण भावकीतलं, गावातलं पोरगं "आमचंच आहे" म्हणून चालत नाही. आणि कारागीर रात्री दुकानातच झोपतात, पोटमाळ्यावर गादी, खाली कोपऱ्यात शेगडी, हे मुंबईत सर्रास चालतं, भाडं परवडत नाही हे मलाही कळतं, पण आरोग्य खात्याचा माणूस आला आणि त्याला कटिंगच्या खुर्चीमागे कांदे-बटाटे दिसले की पुढचं काही बोलायलाच नको. त्याच्या राहण्याची सोय आधी कर, मग त्याला ठेव.

आता इन्स्पेक्टर काय बघतो. लायसन्स भिंतीवर दिसेल असं लावलंय का, मुदत आहे का, हे तो आत शिरता शिरता बघतो. जमीन धुता येईल अशी आहे का, केसांसाठी झाकणाचा डबा आहे का, उजेड-वारा आहे का, हेही उभ्या उभ्या होतं. पण अनुभवी माणूस असेल ना, तर तो एकच गोष्ट करतो, आरशाखालचा ड्रॉवर उघडायला सांगतो. सगळ्या सलूनचं खरं रूप त्या ड्रॉवरमध्ये असतं. वरती काउंटरवर चकाचक बाटल्या आणि आत ड्रॉवरमध्ये केस चिकटलेली फणी, कागदात गुंडाळलेली अर्धी पत्ती "संध्याकाळी बघू" म्हणून ठेवलेली, तुरटीचा गुळगुळीत झालेला खडा, पावडरचा काळपट पफ. तुझं दुकान उघडलंस की पहिल्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये फक्त धुतलेलं सामान, वापरलेल्या वस्तूला ड्रॉवरमध्ये जागाच नाही, असा नियम करून टाक.

पत्तीचं सगळ्यांना माहितीय असं वाटतं, गिऱ्हाईकही हल्ली "नवी पत्ती टाक" म्हणतं. तरीसुद्धा नीट सांगतो. एक ब्लेड मोडून दोन अर्ध्या पत्त्या होतात, एका गिऱ्हाइकाला एक अर्धी, आणि पाकीट त्याच्या डोळ्यांसमोर फोडायचं. लोक एचआयव्हीला घाबरतात पण तो विषाणू बाहेर वाळला की फार टिकत नाही, खरी भीती हिपॅटायटिस बी ची, म्हणजे ती लिव्हरची कावीळ. तो विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस जिवंत राहतो, आणि रक्त डोळ्याला दिसायलाच पाहिजे असं काही नाही. हिपॅटायटिस सी सुद्धा वाळलेल्या रक्तात कित्येक दिवस टिकतो. म्हणून पत्ती बदलली पण वस्तऱ्याची खाच, जिथे पत्ती अडकते तो भाग, तो पुसलाच नाही, तर अर्धंच काम झालं. तिथे साबणाचा फेस, केस आणि रक्त तिन्ही साठतं. ती खाच जुन्या टूथब्रशने घासायची, हे मी नव्या कारागिराला पहिल्या दिवशी शिकवतो.

वापरलेली पत्ती कचऱ्याच्या पिशवीत टाकायची नाही. सकाळी कचरा उचलायला येणारा माणूस हाताने पिशवी दाबतो, त्याच्या हातात जाते ती. जाड प्लास्टिकचा डबा किंवा बाटली घे, झाकणाला चीर पाड, पाऊण भरली की झाकणावर टेप मारून "ब्लेड" असं लिहून वेगळी दे. २०२५ च्या मे महिन्यापासून पालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केलीय, त्यात ब्युटी पार्लरही धरलीत, तर वॉर्डच्या घनकचरा विभागात जाऊन तुझ्या सलूनचं नाव नोंदवता येतंय का ते विचार. केस मात्र सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत, आणि झाडताना पंखा बंद.

आता त्या तीन मिनिटांचं. गिऱ्हाईक उठलं, पैसे देतंय, तोवर पत्ती डब्यात. कात्री, फणी, मशीनचे गार्ड ब्रशने झटकून केस काढायचे, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे. धुणं आधी, औषध नंतर. केस आणि तेल तसंच ठेवून वरून कितीही महागडं औषध मारलं तरी ते आतपर्यंत पोचतच नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त दुकानांत होते, निळ्या पाण्याच्या काचेच्या बरणीत केसासकट फणी बुडवून ठेवलेली, आणि मालक अभिमानाने दाखवतोय. फणी आणि गार्ड प्लास्टिकचे, ते ब्लीचच्या पाण्यात चालतात, ब्लीच म्हणजे चेहऱ्याला लावतात ते नाही, सोडियम हायपोक्लोराइट. बाजारातलं ब्लीच साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं, एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी घेतलं की एक टक्क्याच्या आसपास येतं, त्यात दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुवून वाळवायचं. हे द्रावण रोज सकाळी नवं करायचं, कालचं टाकून द्यायचं, आणि चुकूनही संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर मिसळायचं नाही, विषारी गॅस तयार होतो. लोखंडी वस्तू ब्लीचमध्ये टाकू नकोस, गंज चढतो, तीन हजारांची कात्री महिन्यात जाईल. कात्री, वस्तरा, मशीनची ब्लेड ह्यांना ७० टक्क्यांचं स्पिरिट. जास्त टक्क्यांचं चांगलं असं नाही हं, पाणी असतं म्हणूनच ते जंतूवर नीट काम करतं, शंभर टक्क्यांचं भसकन उडून जातं. स्प्रे मारायचा आणि आपोआप वाळू द्यायचं. मारला आणि लगेच टॉवेलने पुसला तर वासाशिवाय काही झालं नाही असं समज. शेवटी मशीनला तेलाचा थेंब.

तू म्हणशील तीन मिनिटांत दहा मिनिटांचं भिजवणं कसं बसणार. नाहीच बसत. म्हणून प्रत्येक खुर्चीला सामानाचे निदान दोन सेट पाहिजेत, एक वापरात, एक भिजत किंवा वाळत. रविवारी तीन. एका फणीला काही फार पैसे पडत नाहीत, दोन डझन आण. मी कुठल्याही नव्या दुकानात गेलो की फण्या मोजतो. दोन खुर्च्या आणि चार फण्या दिसल्या की तिथे गर्दीच्या वेळी धुणं होत नाही हे विचारायची गरजच नाही.

स्टरलायझरबद्दल विचारलंस. ती निळ्या लाइटची पेटी घे किंवा घेऊ नकोस, पण तिच्यावर विसंबू नकोस. त्या प्रकाशाचा उपयोग जिथे तो थेट पडतो तिथेच, कात्री मिटलेली असेल तर आतल्या धारेला काही होत नाही, फणीवर तेल असेल तर खाली काही होत नाही. धुतलेलं, औषध लावलेलं सामान धूळ न बसता ठेवायची पेटी म्हणून ठीक आहे. बाजारात तर नुसता निळा बल्ब लावून विकतात, विकणाऱ्याला "ह्याची वेव्हलेंग्थ किती" विचारलं की तो रंग सांगतो. ते पैसे दुसऱ्या सेटमध्ये आणि टॉवेलमध्ये घाल.

टॉवेल, कापड. गळ्याभोवतीचं कापड दिवसभर एकच असतं आणि प्रत्येकाच्या मानेला लागतं, त्याला उपाय म्हणजे पेपरची नेक स्ट्रिप, एकाला एक, काही पैशांत मिळते. दाढीचे टॉवेल लहान घे, भरपूर घे, एकदा वापरला की बादलीत, गरम पाण्यात धुवायचे आणि उन्हात वाळवायचे, पावसात लाँड्रीवाल्याशी ठरवून ठेव. ओलसर टॉवेल पुन्हा लावला की नायटा पसरतो. आणि गेल्या काही वर्षांत नायट्याचं प्रकरण आपल्याकडे वाढलंय, पूर्वी मलम लावलं की जायचा, आता साध्या औषधाला दाद देत नाही असे प्रकार आलेत, कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचार. त्यात मुंबईची हवा, घाम, लोकलची गर्दी.

तुरटीचा खडा बंद. मोठा खडा सगळ्यांच्या गालावरून फिरवतात, एकाचं रक्त दुसऱ्याला. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू मरत नाही. फार आवड असेल तर तुरटीचं पाणी स्प्रे बाटलीत, नाहीतर लहान तुकडे करून एकाला एक, मग फेकून द्यायचा. दाढीचा ब्रश पण मी काढून टाकलाय, त्याच्या बुडाशी कायम ओल असते. फोम किंवा क्रीम हाताने लावतो. जुनी गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, "ब्रशशिवाय दाढी म्हणजे काय", एका काकांनी तर स्वतःचा ब्रश घरून आणला आणि माझ्याकडे ठेवायला दिला. मी म्हटलं, काका, घेऊन जा आणि घेऊन या. ते आणतात अजून.

कापलं तर? कापतं कधीकधी, कितीही हात बसलेला असो. थांबायचं. ग्लोव्हज घालायचे, स्वच्छ कापूस दाबून धरायचा, कापूस त्या पत्तीच्या डब्यात किंवा वेगळ्या बंद पिशवीत, ते हत्यार बाजूला, पुढचं काम दुसऱ्या हत्याराने. आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, लपवायचं नाही. तू आणि कारागीर दोघांनी हिपॅटायटिस बी ची लस घ्या, तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचं इंजेक्शनही वेळच्या वेळी. रक्ताशी संबंध आपलाही येतो हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही.

गिऱ्हाइकाच्या डोक्यात काही दिसलं तर काय, हे कोणी शिकवत नाही म्हणून सांगतो. चाई पडलेली असेल, म्हणजे गोल चकती, आत कातडी गुळगुळीत, तर ती लागट नसते, त्या माणसाला हाकलू नकोस, तो आधीच खचलेला असतो. कोंडा लागट नाही, सोरायसिस लागट नाही. पण गोल चट्टा, कडेला लाल, खवले, खाज, किंवा लहान पोरांच्या डोक्यात खवडे, केस तुटलेले, हे लागट असू शकतं. अशा वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं नाही. मी हळूच आरशात दाखवतो आणि सांगतो, "दादा, हे एकदा कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, आज मशीन फिरवलं तर अजून पसरेल. बरं झालं की या, निवांत करू." एकदाही कोणी भांडलं नाही ह्यावर. उलट परत येतात.

डायबद्दल दोन वाक्यं. काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते, चेहरा सुजतो, डोळे मिटतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, ४८ तास आधी कानामागे थोडं लावून बघा, आणि कोणीच बघत नाही. नव्या गिऱ्हाइकाला दोन दिवस आधी बोलाव, नाही आला तर निदान विचार, आधी कधी खाज आली होती का. "काळी मेंदी" नैसर्गिक असते ह्यावर विश्वास ठेवू नकोस, मेंदी काळी नसते. आणि मसाजनंतर मान कडकन मोडायची पद्धत तुझ्या दुकानात नकोच. मानेच्या रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा होऊ शकते, आणि त्याची जबाबदारी कुठल्याच लायसन्सने टळत नाही. गिऱ्हाईक मागेल, "अरे ते टक्कन करतात ना ते कर", नाही म्हणायचं.

कोविडनंतर महाराष्ट्रात २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी दिली, तेव्हा आधी फक्त कटिंग, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग, दाढीला बंदी होती, आणि अट होती की प्रत्येक गिऱ्हाइकानंतर सामान निर्जंतुक, टॉवेल-नॅपकिन डिस्पोजेबल, दर दोन तासांनी जमीन. तेव्हा सगळ्यांनी केलं. सगळ्यांना जमलं पण. म्हणजे वेळ मिळत नाही ही सबब खरी नाही. आता विचारलं तर तेच लोक म्हणतात, इतकं कोण करतं. माझ्या हिशोबाने दर दोन तासांनी जमीन पुसणं दाखवायला जास्त होतं, पण प्रत्येक गिऱ्हाइकानंतर सामान धुणं हे तेव्हाही बरोबर होतं आणि आताही.

पैशांचं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ धंद्यांत आपला धंदा आहे. ट्रेनिंगच्या दिवसांना ५०० रुपये भत्ता, सामानासाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर, आणि आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख असं ५ टक्के व्याजाने कर्ज. सामानाच्या व्हाउचरमध्येच तुझे दोन-तीन सेट निघतात. फूटपाथवर खुर्ची टाकून बसणारे आपले लोक आहेत, त्यांच्यासाठी २०१४ च्या फेरीवाला कायद्यात सेवा देणाराही फेरीवाला धरलाय, पण त्यांना पाण्याचा नळ कुठून आणायचा हा प्रश्न कायदा सोडवत नाही. निदान पत्ती आणि स्पिरिट तरी त्यांनी सोडू नये.

क्रम असा ठेव. गाळ्याचा मंजूर प्लॅन आणि मीटर बघ, करार रजिस्टर कर, गुमास्त्याची ऑनलाइन सूचना दे, मग वॉर्ड ऑफिसला आरोग्य खात्यात स्वतः जा. गोरेगाव म्हणजे तुला पी दक्षिणच लागेल बहुतेक, पण पत्ता सांगून खात्री करून घे. फी आणि कागदांची यादी तिथे किंवा पालिकेच्या साइटवर बघ, ती बदलत असते. एजंटला पैसे द्यायच्या आधी एकदा स्वतः खिडकीवर जाऊन विचार, अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात. लायसन्स हातात यायच्या आधी उद्घाटनाची पत्रिका छापू नकोस.

राहिला सोमवार. सक्ती नाही. २०१७ च्या कायद्याने दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, फक्त प्रत्येक कारागिराला आठवड्यात सलग २४ तासांची एक सुट्टी द्यावी लागते. मॉलमधली दुकानं सोमवारी जोरात चालतात. तुझा कारागीर एकटाच असेल तर त्याच्या सुट्टीच्या दिवशी तू एक खुर्ची चालवू शकतोस. आम्ही मात्र अजून सोमवार बंद ठेवतो, सकाळी दोन तास खुर्च्यांची गादी काढून खाली साचलेले केस, बेसिनची जाळी, टाकी, मशीन उघडून आतली साफसफाई असं सगळं उरकतो आणि अकराच्या आत कारागीर विरारच्या गाडीत असतात.